एमपीसी २००० एक्सएलवर संगणकाशिवाय संगीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे यंत्र नेमकं काय करतं?

आवाज मुद्रित करतं, त्याचे तुकडे पाडतं, ते सोळा रबरी पॅडवर लावतं आणि तुम्ही वाजवलेलं लक्षात ठेवून पुन्हा वाजवतं. म्हणजे सॅम्पलर आणि सिक्वेन्सर एकाच डब्यात. अकाई या जपानी कंपनीची ही मालिका १९८८च्या एमपीसी ६०पासून सुरू झाली. ते यंत्र आणि १९९४चं एमपीसी ३००० अमेरिकी वाद्यरचनाकार रॉजर लिन यांच्या आराखड्यावर बेतलेलं होतं. १९९७चं एमपीसी २००० अकाईने स्वतः केलं आणि एक्सएल ही त्याचीच पुढची आवृत्ती. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, एका वेळी ३२ आवाज, ६४ ट्रॅक, ९९ सिक्वेन्स (सिक्वेन्स म्हणजे वाजवून साठवलेला एक भाग). पॅड सोळाच, पण चार बँकांमुळे एकूण ६४.

संगणकापेक्षा याचा आवाज चांगला येतो का?

नाही. हा गैरसमज बाजारात फार आहे आणि विकणारे तो जपतात. एक्सएलचा आवाज १६ बिटचा, बऱ्यापैकी स्वच्छ आहे. जुन्या हिप-हॉपमधला तो खरखरीत, दाणेदार आवाज हवा असेल तर ती १२ बिटची यंत्रं वेगळी : १९८७चं ई-म्यू एसपी-१२०० (२६.०४ किलोहर्ट्झ, सगळी मिळून जेमतेम १० सेकंद) किंवा १९८८चं अकाई एस९५०. एस९५०मध्ये सिक्वेन्सर नाही, त्यामुळे एकट्याने ते काही कामाचं नाही.

एक्सएल घ्यायचं ते हातासाठी आणि शिस्तीसाठी. स्मृती अपुरी, पडदा लहान, आवाजावर केलेली कापाकापी परत फिरवता येत नाही. म्हणून काय ठेवायचं ते आधी ठरवावं लागतं.

विकत घेताना काय तपासायचं?

सगळ्यात आधी मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचा. आपल्याकडे येणारी बरीच यंत्रं जपान किंवा अमेरिकेतून येतात. जपानचं यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकेचं १२० व्होल्टचं. ते थेट २३० व्होल्टला लावलं तर पहिल्याच सेकंदाला फ्यूज किंवा अख्खा पॉवर सप्लाय जातो. नुसता प्लग बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो : १०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा पुरेसा, शक्यतो दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको. जपानी यंत्राला १०० व्होल्टचाच घ्या. ११०च्या ट्रान्सफॉर्मरवर ते चालल्यासारखं वाटतं, पण आतला सप्लाय तापत राहतो.

मग या क्रमाने बघा. सोळाही पॅड हलक्या आणि जोराच्या ठोक्याला वेगळा प्रतिसाद देतात का? डेटा व्हील सावकाश फिरवल्यावर आकडे उड्या मारतात का, मागे जातात का? प्रत्येक बटण एका दाबात एकदाच लागतं का? फ्लॉपी फॉरमॅट होते का, आणि त्यावर ठेवलेलं परत उघडतं का? विक्रेता दूर असेल तर या चार गोष्टींचा व्हिडिओ मागा. तो नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

पडदा अंधुक आहे, बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. यंत्र खराब आहे का?

यंत्र नाही, पडद्यामागचा प्रकाशपत्रा थकलाय. तो चमकवायला एक छोटा इन्व्हर्टर साधारण शंभर व्होल्टच्या घरातला एसी तयार करतो, ती शिट्टी त्याचीच. नवा पत्रा मिळतो किंवा एलईडीचा संपूर्ण पडदा बदलून घेता येतो. यंत्र उघडं आणि चालू असताना त्या इन्व्हर्टरला बोट लावू नका.

मेमरी किती लागते?

मूळ यंत्रात २ एमबी असते. मोनो आवाजाच्या एका सेकंदाला ८८,२०० बाइट लागतात, स्टिरिओला दुप्पट. म्हणजे २ एमबीत मोनोची सुमारे २२ सेकंदं. ३२ एमबीत मोनो सव्वासहा मिनिटांच्या आसपास, स्टिरिओ तीन मिनिटांच्या थोडं वर.

वाढवायला ७२ पिनच्या, पॅरिटी नसलेल्या सिम पट्ट्या लागतात. दोन पट्ट्या, दोन्ही अगदी सारख्या, १६ एमबीच्या. एक १६ची आणि एक ८ची अशी खिचडी चालत नाही. या पट्ट्या नव्वदच्या दशकातल्या संगणकांत असायच्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जुना माल ठेवणाऱ्याकडे विचारून बघा, नाहीतर परदेशातून मागवा. बसवताना वायर काढून ठेवा, आधी धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. पट्टी तिरकी घालून मग उभी करायची, दोन्ही बाजूंची खिट्टी वाजली पाहिजे. खिट्टी न वाजता बसलेली पट्टी हे ‘मेमरी दिसत नाही’ या तक्रारीचं नेहमीचं कारण.

पहिलं सॅम्पल कसं घ्यायचं?

मागच्या दोन रेकॉर्ड इनपुटला लाइन पातळीचा आवाज द्या. रेकॉर्ड प्लेअर असेल तर मध्ये फोनो प्रीअँप, म्हणजे सुईचा आवाज मोठा आणि समतोल करणारा डबा, हवाच. सुईचा आवाज अतिशय बारीक असतो, शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि वरचा भाग उचललेला असतो. प्रीअँप नसेल तर आवाज पातळ, कर्कश येतो, आणि लोक दोष यंत्राला देतात.

शिफ्ट दाबून ज्या नंबरवर ‘सॅम्पल’ छापलंय तो दाबा. मोड मोनो ठेवा, स्टिरिओ खरंच लागत असेल तरच बदला : स्टिरिओ सॅम्पल दुप्पट मेमरी खातं आणि वाजताना ३२ पैकी दोन आवाज अडवतं. टाइममध्ये लागणार त्याहून दोन सेकंदं जास्त टाका. रेकॉर्ड गेनचं बटण फिरवत मीटर बघा. सर्वांत मोठा ठोकादेखील टोकाला न लागता थोडा खाली राहिला पाहिजे. इथे टोकाला लागलेला आवाज टेपसारखा गोड फाटत नाही, नुसता करकरतो.

थ्रेशोल्ड म्हणजे किती मोठा आवाज आल्यावर मुद्रण सुरू करायचं ती पातळी. ती फार वर ठेवली की ‘ता’ची सुरुवातच कापली जाते. त्यावर उपाय प्री-रेक : थ्रेशोल्ड ओलांडण्याआधीचे काही मिलिसेकंदही ते जपून ठेवतं. झालं की ‘कीप’ किंवा ‘रीट्राय’ विचारतं. नाव लगेच द्या, ‘साउंड ०७’वरून आठवड्याने काही कळत नाही.

चोर बाजारातल्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या चालतील?

चालतील, पण सुई बदलावी लागते. एलपीच्या सुईचं टोक सुमारे १८ मायक्रॉनचं, ७८च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनचं लागतं. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसरते, तिथे साठलेली धूळ ऐकू येते आणि गाणं मागे राहतं. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड.

३३ची तबकडी ४५वर वाजवून सॅम्पल घेतात, ते कशासाठी?

मेमरी वाचवायला. एसपी-१२००च्या १० सेकंदांत जगणाऱ्यांची ही युक्ती. तबकडी १.३५ पट वेगाने फिरते, म्हणून तेवढंच वाजणं कमी वेळात मावतं. नंतर यंत्रात स्वर खाली उतरवायचा : ५.२ अर्धस्वर. एक्सएलमध्ये ट्यूनचा आकडा अर्धस्वराच्या दशांशात असतो, म्हणजे उणे ५२. बचत होते सुमारे २६ टक्के.

किंमतही आहे. एक्सएलची वरची मर्यादा सुमारे २२ किलोहर्ट्झ, खाली उतरवल्यावर ती साधारण १६ किलोहर्ट्झवर येते. झांजा थोड्या मंदावतात. ३२ एमबी असताना हे चवीसाठी करावं, गरज म्हणून नाही.

तुकडे कसे पाडायचे?

समजा चार बारचा (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) एक भाग घेतलाय. ट्रिम पानावर जाऊन सुरुवात समेच्या ठोक्यावर आणा. पडद्यावरच्या लाटेवर विसंबू नका, २४८ ठिपक्यांत चार बार मावत नाहीत. फाइन पान उघडा, आणि पॅड वाजवत कानाने ठरवा. शेवट तसाच लावून एडिटमधलं ‘डिस्कार्ड’ केलंत की बाहेरचा भाग कायमचा जातो. ‘अनडू सीक’चं बटण फक्त सिक्वेन्सपुरतं आहे, सॅम्पलला ते वाचवत नाही. म्हणून डिस्कार्डच्या आधी मूळ सॅम्पल फ्लॉपीवर ठेवा.

मग झोन पान. झोनची संख्या ८ किंवा १६ करा. यंत्र समान भाग पाडतं, वादक समान भागांत वाजवत नाही. एकेका झोनची सुरुवात हाताने सरकवून ठोक्याच्या टोकावर बसवायची, हे काम वीस मिनिटांचं असतं आणि त्याला पर्याय नाही. शेवटी एडिटमधून ‘स्लाइस साउंड’. नवा प्रोग्रॅम (कोणत्या पॅडवर कोणता आवाज, ती मांडणी) करायचा का याला ‘हो’ म्हटलं की तुकडे ओळीने पॅडवर येतात. एंड मार्जिन थोडं ठेवा, नाहीतर प्रत्येक तुकड्याची शेपूट तुटते.

प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला ‘टिक’ का येतो?

लाट शून्यावर नसताना कापलं गेलं. फाइन पानावर सुरुवात थोडी मागेपुढे करून लाट मधल्या रेषेला छेदते तिथे आणा. ते जमत नसेल तर प्रोग्रॅममध्ये अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) शून्यावरून एक-दोन करा. जास्त केलंत तर ठोक्याचा दणका जाईल.

एक पॅड वाजवल्यावर आधीचा तुकडा थांबत नाही, सगळं एकमेकांवर चढतं.

एक्सएलची ही खरी अडचण आहे. व्हॉइस ओव्हरलॅप ‘मोनो’ केल्याने तोच पॅड स्वतःला थांबवतो, दुसऱ्याला नाही. म्यूट असाइनमध्ये एका पॅडने दोनच पॅड बंद करता येतात : बंद हाय-हॅटने उघडा हाय-हॅट थांबवायला ते पुरेसं, सोळा तुकड्यांना नाही. मार्ग दोन. ‘नोट ऑफ’ निवडा, मग पॅड दाबलाय तोवरच वाजेल आणि बोट उचलण्यात लय सांभाळावी लागेल. किंवा तुकडेच इतके नेमके कापा की एकमेकांवर चढणार नाहीत. दुसरा मार्ग आम्हाला जास्त पटतो.

तबला किंवा ढोलकी सॅम्पल करताना काय सांभाळायचं?

एकेक बोल सुटा वाजवून घेतला तर ठेका यंत्राचा वाटतो. डग्ग्याचा घिस्सा हा एक ठोका नाही, तो मनगटाने ओढलेला स्वर आहे. तो अर्ध्यात कापला की नुसती ढब उरते. म्हणून डाव्या हाताचे घुमारे पूर्ण लांबीचे, वेगवेगळ्या ओढीचे, किमान चार घ्या. उजव्याचे ‘ना’, ‘तिं’, ‘ते’ सुटे चालतात, पण प्रत्येकाचे हलका आणि जोराचा असे दोन तरी हवेत. नुसता आवाज लहान-मोठा केल्याने हलका ‘ना’ तयार होत नाही, त्याचा नादच वेगळा असतो.

तबला आधी स्वरात मिळवून घ्या आणि तो स्वर सॅम्पलच्या नावात लिहा : ‘ना काळी१’. शाई सुरात नसलेला तबला ट्यूनने सावरायला गेलं की घुमारा बदलतो.

सात मात्रांचा रूपक किंवा सहा मात्रांचा दादरा बसतो का?

बसतो. मुख्य पडद्यावर टाइम सिग्नेचर बारगणिक बदलता येतं. रूपकाला ७/८, दादऱ्याला ६/८, केरव्याला ४/४ ठेवून मात्रेला आठवा भाग समजा. टेम्पोही त्याच हिशेबाने काढा. केरव्याचं आवर्तन २.४ सेकंदांत होत असेल तर आठ मात्रा म्हणजे चार बीट : ४ गुणिले ६०, भागिले २.४, उत्तर १००. मात्रेलाच पूर्ण बीट मानलंत तर २०० येईल आणि टायमिंग करेक्टचे (ठोके ठरावीक भागांवर आपोआप बसवणारी सोय) सगळे पर्याय दुप्पट बारीक होतील. रूपकाची सम खालीच्या मात्रेवर असते हे यंत्राला माहीत नाही. मेट्रोनोम पहिल्या मात्रेला ठसका देतो, तो कानाला खटकला तर बंद करा.

स्विंग म्हणजे काय, आकडा किती ठेवायचा?

एक्सएल प्रत्येक बीटचे ९६ भाग करतं. सोळावा म्हणजे बीटचा चौथा हिस्सा, २४ भाग; दोन सोळाव्यांची जोडी ४८. स्विंगचा आकडा सांगतो की जोडीतला दुसरा ठोका ४८ पैकी कितव्या भागावर पडेल. ५० टक्के म्हणजे २४वर, अगदी सरळ. ५४ म्हणजे २६, ५८ म्हणजे २८, ६२ म्हणजे ३०, ६६ म्हणजे ३२, तो तिस्र जातीचा झोल. ७५ म्हणजे ३६, तिथे यंत्र थांबतं.

९० टेम्पोला एक भाग म्हणजे सुमारे ७ मिलिसेकंद. ५४ आणि ५८मधला फरक असा १४ मिलिसेकंदांचा, आणि तो पायाला लगेच कळतो. ५४ ते ६२मध्ये सुरुवात करा. टेम्पो जितका जलद, तितका आकडा कमी. एक सिक्वेन्स सरळ ठेवून फक्त हाय-हॅटचा ट्रॅक ५८ करून बघा, मग सगळंच ५८ करा. दोन्ही एकामागून एक ऐकल्यावर आकड्यांची भीती जाते.

एक सावधगिरी : टायमिंग करेक्ट वाजवतानाच लागू होतं. आपला हातच हवा असेल तर ते आधी बंद करा, नंतर लावता येतं. लावलेलं काढलं तरी हाताची मूळ वेळ परत येत नाही.

टेम्पो बदलला, सॅम्पल मात्र जुन्याच वेगात वाजतं.

ते आपोआप ताणलं जात नाही. ९०वरून ९५वर जायचं तर सॅम्पलचा ट्यून सुमारे ०.९ अर्धस्वर वाढवा, म्हणजे आकडा अधिक ९. स्वर चढेल. स्वर तोच ठेवायचा तर एडिटमध्ये टाइम स्ट्रेच आहे, पण दहा टक्क्यांच्या पुढे गेलात की गाणारा पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखा ऐकू येतो. तुकडे पाडलेले असतील तर प्रश्नच नाही, तुकडे टेम्पोबरोबर सरकतात.

काम सेव्ह केलं होतं, उघडल्यावर आवाजच नाहीत. का?

‘ऑल’ म्हणून ठेवलंत. ‘ऑल’मध्ये फक्त सिक्वेन्स आणि साँग जातात. आवाज आणि प्रोग्रॅम ‘एपीएस’मध्ये. एका गाण्यासाठी दोन्ही, दर वेळी, एकाच नावाने. वीज गेली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं. आपल्याकडे भारनियमन नसलं तरी वीज जातेच, तेव्हा एक छोटा यूपीएस ट्रान्सफॉर्मरच्या आधी लावा आणि दर अर्ध्या तासाने सेव्ह करा.

फ्लॉपी आता कोण वापरतं?

कोणी वापरू नये. १.४४ एमबीत मोनोची सोळा सेकंदं मावतात, ३२ एमबी भरलेलं काम ठेवायला २४ फ्लॉप्या लागतील. शिवाय कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते आणि ती ड्राइव्हच्या हेडला चिकटते.

पर्याय दोन. ड्राइव्ह काढून गोटेक एम्युलेटर (फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारं उपकरण) बसवा, त्यात पेन ड्राइव्ह लागतो. ३४ पिनची तीच केबल, लाल कडेची तार पिन १च्या बाजूला. उलटी लागली तर ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहतो, तेवढ्याने काही जळत नाही. एक्सएल साधी डॉस फ्लॉपी आणि वेव्ह फाइल वाचतं, त्यामुळे दुसरीकडचे आवाजही आणता येतात. तरी एकेक इमेज १.४४ एमबीचीच.

दुसरा आणि बरा पर्याय म्हणजे मागच्या २५ पिनच्या स्कझी (बाहेरची डिस्क लावण्याच्या जुन्या पद्धतीच्या) जोडणीला एसडी कार्डाचं एम्युलेटर. कार्डावरची ड्राइव्ह लहान ठेवा, ५१२ एमबी भरपूर झाली. मोठी केली की फोल्डर उघडायला वेळ लागतो. एम्युलेटर साखळीच्या टोकाला असेल तर टर्मिनेशन (साखळी इथे संपते हे सांगणारी सोय) चालू हवं. ते विसरलं की कधी दिसतं, कधी दिसत नाही, आणि माणूस केबल बदलत बसतो. जुने झिप ड्राइव्ह फुकट मिळाले तरी नको.

पॅड दोनदा वाजतो किंवा जोरात मारावा लागतो.

दोनदा वाजणं बहुतेक वेळा खालच्या संवेदक पत्र्यावरच्या धुळीमुळे. यंत्र उघडून रबर उचला, पत्रा आणि रबराची खालची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. जोरात मारावा लागत असेल तर रबर दबलंय. पॅडच्या खाली इलेक्ट्रिकल टेपचा एक थर लावून बघा. दोन थर लावलेत तर पॅड न मारताच वाजायला लागेल. तरीही नाही सुधारलं तर पत्रा बदलण्याला इलाज नाही.

बटणं मेली असतील तर आतले ६ मिलिमीटर चौकोनी टॅक्ट स्विच बदलायचे. स्विच दोन-चार रुपयांचे, मेहनत जुनं सोल्डर काढण्याची. जुन्या बोर्डावरचा तांब्याचा थर लवकर सुटतो, तेव्हा आधी ताजं सोल्डर घालून मग उपसा. नेहमी वापरातली बटणं सगळी एकदमच बदला, सारखं सारखं उघडण्यात झाकणाचे स्क्रू झिजतात.

जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे तुकडे वापरून गाणं प्रसिद्ध करता येतं?

‘इतकी सेकंदं वापरली तर चालतं’ असा नियम भारतीय कायद्यात नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं चालतो. १९६० साली प्रकाशित झालेलं मुद्रण १ जानेवारी २०२१ला मोकळं झालं. पण ते फक्त मुद्रण. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. म्हणजे जुन्या मुद्रणातल्या नुसत्या ढोलकीच्या दोन ठोक्यांचा प्रश्न एक, आणि ओळखू येणाऱ्या मुखड्याचा प्रश्न दुसरा. दुसऱ्याला परवानगी घ्या.

पूर्ण गाणं बाहेर कसं काढायचं, संगणक न वापरता?

आठ-आठ बारचे सिक्वेन्स करा आणि साँग मोडमध्ये ओळीने लावा. किंवा ‘नेक्स्ट सीक’ आणि ‘ट्रॅक म्यूट’ने पॅडवरून हातानेच मांडणी वाजवा, त्यात जास्त जीव असतो. मुख्य स्टिरिओ आउटपुट एखाद्या हातातल्या रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला द्या. माइक इनपुटला दिलंत तर फाटेल. गुणगुण ऐकू आली तर दोन्ही उपकरणं एकाच पट्टीच्या प्लगवर घ्या किंवा रेकॉर्डर बॅटरीवर चालवा.

आठ स्वतंत्र आउटपुट हवेत तर आयबी-एम२०८पी हा जादा बोर्ड लागतो. तो असलेलं यंत्र मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या, सुटा बोर्ड शोधणं महागात पडतं.